स्वमग्न बालकांचे शालापूर्व शिक्षण

स्वमग्नता असलेल्या, साधारणतः दोन ते सहा वर्षे वयाच्या बालकांची अध्ययनक्षमता पारखण्याची आणि त्या आधारे त्यांना घरी, बालवाडीत वा विशेष केंद्रात योग्य ते साहाय्य देण्याची शैक्षणिक प्रक्रिया. स्वमग्नता ही मज्जासंस्थेच्या विकासातील भिन्नतेमुळे उद्भवणारी अवस्था असून सामाजिक संपर्क व संवाद यांतील अडचणी, तसेच वर्तनातील व आवडीनिवडींतील साचेबंदपणा ही तिची दोन प्रमुख अंगे होत. ती बालपणी सुरू होते व आयुष्यभर राहते. औषधाने ती नाहीशी होत नाही. तथापि तिच्यासह वाढणारे बालक शिकू शकते. ते किती व कसे शिकेल, हे त्याच्या उपजत क्षमतांबरोबरच पहिल्या काही वर्षांत त्याला कोणती संधी मिळते यावरही अवलंबून असते. या शिक्षणात मापन व अध्यापन ही दोन स्वतंत्र कामे मानली जात नाहीत. बालकाला काय येत नाही याची यादी करून मापन संपत नाही. ते कोणत्या परिस्थितीत व किती मदतीने शिकते, हे शोधून काढणे हा त्याचा मुख्य हेतू होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये या अवस्थेचे निदान तीन ते चार पट अधिक आढळते. मुलींमधील लक्षणे पुष्कळदा लाजाळूपणा म्हणून दुर्लक्षिली जातात, हेही या तफावतीचे एक कारण मानतात. स्वमग्न बालकांपैकी काहींच्या बाबतीत बौद्धिक अक्षमता, अपस्मार वा झोपेच्या तक्रारी आढळतात, तर काहींची बुद्धिमत्ता सरासरीइतकी वा तीहून अधिक असते. काही बालके पाच वर्षांची होईपर्यंत एकही शब्द बोलत नाहीत. काही तिसऱ्या वर्षीच अक्षरे वाचू लागतात. या विविधतेमुळे सर्वांना लागू पडेल असा एकच अभ्यासक्रम आखता येत नाही.

इतिहास : ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमानस या विकाराच्या संदर्भात योजिली. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती घेतलेली आहे. पुढे रशियातील ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये अशा काही मुलांची तपशीलवार वर्णने प्रसिद्ध केली. परंतु त्यांच्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे निरीक्षण मांडून ही एक स्वतंत्र अवस्था असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी भाषा चांगली असलेल्या, परंतु सामाजिक व्यवहारात अडखळणाऱ्या मुलांचे वर्णन केले.

त्यानंतरची सु. दोन दशके शिक्षणाच्या दृष्टीने प्रतिकूल ठरली. मातेच्या थंड व कोरड्या वागण्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असा समज या काळात प्रबळ होता. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तो लोकप्रिय केला. मूल आईपासून दूर ठेवणे हाच उपचार, असे मानले गेल्यामुळे ज्यांनी शिकवावयाचे तेच पालक अपराधी ठरले. मानसशास्त्रज्ञ व स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये या समजाचे खंडन करून अवस्थेच्या जैविक कारणांकडे लक्ष वेधले होते. सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ११ एकबीज जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही भावंडे स्वमग्न होती. १० द्विबीज जोड्यांपैकी एकीतही तसे आढळले नाही. अवस्थेचा आनुवंशिक पाया यावरून स्पष्ट झाला. लॉर्ना विंग व ज्यूडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी करून स्वमग्नतेच्या छटा अनेक असल्याचे दाखविले. त्यातूनच ‘स्वमग्नता वर्णपट’ ही आजची कल्पना पुढे आली व अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात पूर्वीचे उपप्रकार तीत सामावून घेण्यात आले. लसीकरणामुळे स्वमग्नता येते, असे सुचविणारा १९९८ चा एक इंग्लिश शोधनिबंध सदोष ठरून २०१० मध्ये मागे घेण्यात आला. मोठ्या पाहण्यांमध्ये असा संबंध आढळलेला नाही.

कॅनर यांनी आपल्या पहिल्या अकरा मुलांचे पुढे काय झाले, याचा मागोवा १९७१ मध्ये घेतला. ज्या मुलांचे आयुष्य सरकारी मनोरुग्णालयांत गेले, त्यांची पूर्वीची चमक लवकरच मावळल्याचे त्यांना दिसले. याउलट पहिल्या मुलाला त्याच्या पालकांनी एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले होते. त्याला मोजमापाचा नाद होता, म्हणून दांपत्याने त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली मोजावयास सांगितले. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजत असे, म्हणून नांगरताना त्या मोजण्याचे काम दिले. हा मुलगा पुढे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन बँकेत नोकरीस लागला. मुलाच्या नादाला उपयुक्त कामाशी जोडण्याचे हे तत्त्व कोणत्याही शास्त्रीय पद्धतीच्या आधीचे असून आजच्या शिक्षणातही ते मध्यवर्ती आहे.

अध्ययनाची वैशिष्ट्ये : सर्वसाधारण बालक पहिल्या दीड वर्षात जे शिकते, त्यातील पुष्कळसे मोठ्यांच्या नजरेचा मागोवा घेऊन शिकते. आई चांदोबाकडे बोट दाखविते, मूल आधी बोटाकडे, मग चांदोबाकडे व पुन्हा आईकडे पाहते आणि त्याच क्षणी शब्द वस्तूशी जोडला जातो. यालाच संयुक्त अवधान म्हणतात. स्वमग्न बालकात ते उशिरा वा अपुरे विकसित होते. असे बालक हवी ती वस्तू मिळविण्यासाठी मोठ्यांचा हात धरून फडताळापर्यंत नेईल. परंतु केवळ गंमत म्हणून आकाशातले विमान दाखविण्यासाठी बोट उचलणार नाही. मागणी करणे व आनंद वाटून घेणे या दोन वेगळ्या क्षमता असून दुसरीचा अभाव हे अधिक अर्थपूर्ण लक्षण होय. अनुकरण व कल्पनाखेळ यांतही अशीच उणीव आढळते. बालक खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी तिचे चाक फिरवीत बसते, भातुकलीतील कपबशी तोंडाला लावण्याऐवजी ओळीत मांडते.

भाषेच्या बाबतीत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे, हे वारंवार आढळते. ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारले असता बालक ‘तुला पाणी हवे का?’ असेच म्हणते. पूर्वी ही निरर्थक सवय समजून ती मोडण्याचा प्रयत्न करीत. आता तिच्याकडे संवादाची एक पायरी म्हणून पाहिले जाते. कारण पुष्कळदा त्या उच्चारामागे ‘मला पाणी हवे’ हाच आशय असतो. शिक्षकाने त्या वेळी ‘मला पाणी हवे’ असे योग्य वाक्य मुलाच्या वतीने म्हणून पाणी पुढे केल्यास हळूहळू तेच वाक्य मुलाच्या तोंडी येते.

वेदनांच्या बाबतीतही भिन्नता असते. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, नव्या कपड्याची शिवण वा केस कापणे काही बालकांना असह्य होते. उलट काही बालके सतत गिरक्या घेण्यात वा प्रकाशाकडे पाहण्यात रमतात. जे वर्तन हट्ट वाटते ते प्रत्यक्षात या त्रासापासून सुटण्याचा प्रयत्न असू शकते. या अडचणींबरोबरच सामर्थ्येही असतात. दृश्य माहिती लक्षात ठेवणे, जुळणारे आकार ओळखणे, ठराविक क्रम पाळणे व आवडत्या विषयात दीर्घकाळ गुंतून राहणे यांत ही बालके अनेकदा समवयस्कांच्या पुढे असतात. अध्यापनाची उभारणी या सामर्थ्यांवर करावी लागते.

चाळणी व निदान : नावाने हाक मारल्यावर वर्षाच्या सुमारासही न पाहणे, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द न येणे, बोट दाखवून लक्ष न वेधणे, तसेच आलेले शब्द वा हावभाव पुन्हा नाहीसे होणे, ही त्वरित तपासणीची लक्षणे समजतात. सोळा ते तीस महिन्यांच्या बालकांसाठी पालकांनी उत्तरे द्यावयाची वीस प्रश्नांची एक प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. अशी प्रश्नावली केवळ चाळणीसाठी असते. तीवरून निदान करता येत नाही. श्रवणदोष असलेले मूलही हाकेला प्रतिसाद देत नाही, म्हणून कानांची तपासणी प्रथम करणे आवश्यक असते.

अनुभवी तज्ञास बालकाच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बहुधा विश्वसनीय निदान करता येते. त्यासाठी पालकांची सविस्तर मुलाखत व खेळाच्या प्रसंगांतील प्रत्यक्ष निरीक्षण या दोन्हींचा आधार घेतात. एरिक शॉप्लर व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रेणीत १५ बाबी असून ३० वा अधिक गुण स्वमग्नतेचे सूचक मानतात. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या भारतीय श्रेणीत सहा विभागांत ४० बाबी आहेत. तिचे एकूण गुण ४० ते २०० या मर्यादेत असतात. ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम व १५३ च्या पुढे तीव्र स्वमग्नता समजतात. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी वापरतात. तिच्यावरून अवस्थेची तीव्रता कळते. मुलाला उद्या सकाळी काय शिकवावे, हे मात्र कळत नाही.

पालकांना, विशेषतः आईला, शंका येणे व निदान होणे यांत कित्येकदा वर्षे जातात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ अशी समजूत घरातील वडीलधारी माणसे व काही वेळा डॉक्टरही घालतात. निदान निश्चित होईपर्यंत साहाय्य थांबविण्याचे कारण नसते. संवाद, अनुकरण व खेळ यांत मागे असलेल्या बालकाला त्यांचे शिक्षण देण्याने, पुढे निदान कोणतेही झाले तरी, अपाय होत नाही.

अध्ययनक्षमतेचे मापन : बुद्धिमापनाच्या रूढ चाचण्या या वयाच्या स्वमग्न बालकांना जपून लावाव्या लागतात. धारवाडच्या व. वा. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी केलेले बिने चाचणीचे रूपांतर भारतात दीर्घकाळ वापरात आहे. परंतु त्यात भाषिक प्रश्नांचा भरणा असल्याने न बोलणाऱ्या बालकाचे गुण कमी येतात. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे मालिन यांनी नागपूर येथे केलेले भारतीय रूपांतर पालकांच्या मुलाखतीवर आधारलेले आहे. जेवणे, कपडे घालणे, स्वच्छता यांसारख्या रोजच्या कौशल्यांचा अंदाज त्यावरून येतो. यांपैकी कोणत्याही एका अंकावरून बालकाचे भवितव्य ठरविणे अशास्त्रीय होय. अल्पवयात मिळालेले गुण पुढे बरेच बदलू शकतात.

या क्षेत्रात महत्त्वाचा बदल शॉप्लर व रॉबर्ट राइश्लर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मनोशैक्षणिक मापिकेने घडविला. तिच्या सुधारित आवृत्त्या १९९० व २००५ मध्ये निघाल्या. तीत साबणाचे फुगे, ठोकळे, चित्रकोडी अशा वस्तू वापरतात, त्या कोणत्याही क्रमाने पुढे करता येतात आणि बहुतेक कृतींना भाषेची वा वेळेची अट नसते. मूळ मापिकेत प्रत्येक कृतीची नोंद तीन प्रकारांनी करीत : येते, येत नाही आणि येऊ घातले आहे. तिसऱ्या प्रकारात बालक कृतीचा काही भाग करते, किंवा ती कशी करावी हे त्याला अंधुक कळलेले असते. अध्यापनाचा आरंभ या तिसऱ्या गटातील कौशल्यांपासून करावा, असा संकेत आहे. कारण जे येते ते पुन्हा शिकविण्याने मूल कंटाळते व जे फार दूर आहे त्याने ते चिडते. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह व्हिगॉट्‌स्की यांनी मांडलेली, मदतीने साध्य होणाऱ्या समीपस्थ विकासक्षेत्राची कल्पना हिच्याशी मिळतीजुळती आहे.

मापन करताना अपयशाचे नेमके कारण शोधणे किती आवश्यक असते, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. चार वर्षांच्या बालकापुढे तीन रंगांचे ठोकळे ठेवून ‘लाल ठोकळा दे’ असे सांगितले आणि ते स्वस्थ बसून राहिले, तर ‘रंग ओळखता येत नाही’ अशी नोंद होण्याचा संभव असतो. परंतु त्याच बालकापुढे लाल, पिवळी व निळी अशा तीन वाट्या ठेवून एक एक ठोकळा योग्य वाटीत टाकून दाखविला असता ते उरलेले ठोकळे बिनचूक टाकते. यावरून रंगभेद त्याला कळतो, अडचण शाब्दिक सूचनेत आहे, हे ध्यानात येते. त्यानंतर ‘दे’ म्हणताना हात पुढे पसरून पाहावे. त्याने ठोकळा दिला, तर शब्दाला हावभावाची जोड लागते, असे ठरते. ठोकळ्यांऐवजी बालकाच्या आवडीच्या मोटारी घेऊन पाहावे. प्रतिसाद सुधारल्यास प्रश्न आकलनाचा नसून ओढीचा होता, असे समजते. हीच कृती घरी आईने सांगितली असता जमते का, हेही विचारावे लागते. अशा चार-पाच बदलांतून जे हाती येते, तेच अध्यापनाची पहिली पायरी ठरते.

त्रासदायक वर्तनाचे मापनही याच रीतीने करतात. वर्तनापूर्वी काय घडले, वर्तन नेमके काय होते व त्यानंतर बालकाला काय मिळाले, याची काही दिवस टिपणे ठेवल्यास त्या वर्तनाचा हेतू उमगतो. काम टाळण्यासाठी किंचाळणाऱ्या मुलाला ‘थांब’ हे चित्र दाखविण्यास शिकविले, तर किंचाळण्याची गरज कमी होते. आवाजाच्या त्रासामुळे किंचाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र आवाजच कमी करावा लागतो. दातदुखी, बद्धकोष्ठ यांसारखी शारीरिक दुखणी बालकाला सांगता येत नाहीत, म्हणून वर्तनात अचानक बदल झाल्यास वैद्यकीय तपासणी प्रथम करावी.

अध्यापनपद्धती : वर्तनवादी पद्धतीत एखादे कौशल्य लहान लहान पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरी पुनःपुन्हा करून घेतात व यशाला तत्काळ बक्षीस देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ईव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये आठवड्यास सु. ४० तास असे शिक्षण मिळालेल्या १९ बालकांपैकी नऊ बालके सर्वसाधारण शाळेत सामावली गेल्याचे जाहीर केले. मात्र गटांची विभागणी यदृच्छ नव्हती आणि त्या काळच्या प्रयोगांत शिक्षेचाही वापर होता, यांमुळे त्या निष्कर्षांवर कठोर टीका झाली. शिक्षेचा मार्ग आज त्याज्य मानला जातो. आठवड्याला ४० तास हा आकडाही निर्णायक राहिलेला नाही. लहान स्वमग्न बालकांसंबंधीच्या अनेक प्रयोगांचे जे संकलन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात तासांची संख्या व मिळालेला लाभ यांत निश्चित संबंध आढळला नाही.

शॉप्लर यांनी उत्तर कॅरोलायना राज्यात १९७२ पासून राज्यभर चालविलेल्या कार्यक्रमात पालकांना सहशिक्षक मानण्यात आले आणि मुलाला बदलण्याआधी परिसर त्याला समजेल असा करण्यावर भर दिला गेला. काम कोणते, किती व ते केव्हा संपेल, हे शब्दांऐवजी मांडणीतूनच कळावे, अशी व्यवस्था असते. डावीकडच्या टोपलीत करावयाचे काम, उजवीकडच्या टोपलीत झालेले काम, भिंतीवर दिवसाच्या क्रमाची चित्रे, ही तिची परिचित साधने होत.

सॅली रॉजर्स व जेराल्डीन डॉसन यांची पद्धती खेळाच्या ओघात शिकविण्यावर आधारलेली आहे. अठरा ते तीस महिन्यांच्या ४८ बालकांवर यदृच्छ विभागणीने केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन वर्षांनंतर विकासाच्या गुणांत सरासरी १७ हून अधिक वाढ दिसली. तुलनागटात ती सु. सात होती. झोका देताना तो मध्येच धरून ठेवावा, मुलाने नजर वळविली, आवाज केला वा हात हलविला की लगेच सोडावा, असे या प्रकारचे अध्यापन असते. त्यात बक्षीस बाहेरून द्यावे लागत नाही. झोका हेच बक्षीस असते.

न बोलणाऱ्या बालकांसाठी चित्रांची देवघेव, हातांच्या खुणा व बोलणारी उपकरणे यांचा उपयोग करतात. चित्रे वापरल्यास मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट काही बालकांत वाचेस त्यामुळे मदतच होते. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘जेलो’ ही चित्राधारित संवादप्रणाली मराठीतही उपलब्ध आहे. त्याचप्रमाणे मुलाशी एकाच, विशेषतः इंग्रजी, भाषेत बोलावे हा सल्लाही पुराव्यास धरून नाही. द्विभाषिक घरांतील स्वमग्न बालके भाषाविकासात अधिक मागे पडतात, असे आढळलेले नाही. ज्या भाषेत आजी-आजोबा हाका मारतात व आई सहज रागावते, लाडावते, ती घरची भाषा सोडल्यास मुलाभोवतीचा संवादच आटतो.

पालकांमार्फत साहाय्य : इंग्लंडमध्ये १५२ बालकांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करून ते पालकांना दाखवीत आणि मुलाच्या सूक्ष्म हालचाली कशा टिपाव्यात, याचे मार्गदर्शन करीत. सु. सहा वर्षांनंतरच्या पाहणीत या मुलांमधील लक्षणांची तीव्रता तुलनेने कमी आढळली. हीच पद्धती गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ मुलांसाठी अनुकूल करून घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे मार्गदर्शक म्हणून तज्ञांऐवजी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात. सहा महिन्यांत बारा भेटी होत. मुलाच्या कलाने बोलण्याचे पालकांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले व मुलेही आपण होऊन अधिक वेळा संपर्क साधू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा कालावधी मात्र वाढला नाही, उलट घटला. तज्ञांची संख्या अपुरी असलेल्या देशात प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत हे काम होऊ शकते, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

पालकांनी यासाठी वेगळे वर्ग भरविण्याची जरुरी नसते. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, फिरावयास जाणे हे प्रसंग रोज त्याच क्रमाने घडतात व स्वमग्न बालकास क्रम प्रिय असतो. डबा घट्ट लावून मुलाच्या हाती देणे व त्याने तो परत पुढे करेपर्यंत थांबणे, ओळखीच्या गाण्याचा अखेरचा शब्द न म्हणता वाट पाहणे, मूल ज्या वस्तूकडे पाहत असेल तिचेच नाव घेणे, असे उपाय सहज करता येतात. प्रश्नांचा भडिमार टाळून लहान वाक्यांत बोलावे व उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा.

बालवाडीतील व्यवस्था : स्वमग्न मूल बालवाडीत नुसते बसविले, म्हणजे त्याचा समावेश झाला असे होत नाही. चित्रांचे दैनिक वेळापत्रक, बसण्याची निश्चित जागा, गोंगाट असह्य झाल्यास जाण्यासाठी शांत कोपरा, एका वेळी एकच सूचना व बदलाची पूर्वकल्पना, या गोष्टी अल्प खर्चात करता येतात आणि इतर मुलांनाही त्यांचा लाभ होतो. एक-दोन समजूतदार सवंगडी निवडून त्यांना खेळात सामावून घेण्याची रीत शिकविल्यास मोठ्यांच्या मदतीवरील अवलंबन कमी होते. बालक एका जागी शिकलेले कौशल्य दुसरीकडे आपोआप वापरीत नाही. केंद्रात पेल्याने पाणी पिणारे मूल घरी बाटलीच मागते. म्हणून प्रत्येक कौशल्य निरनिराळ्या व्यक्ती, जागा व वस्तू यांच्या संदर्भात शिकवून त्याची नोंद ठेवावी लागते. उद्दिष्टे थोडी व मोजता येण्याजोगी असावीत. ‘संवाद सुधारणे’ यापेक्षा ‘मधल्या सुट्टीत आपण होऊन तीनदा चित्र देऊन खाऊ मागणे’ हे उद्दिष्ट अधिक उपयुक्त होय. दर तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी व प्रगती नसल्यास दोष मुलास न देता पद्धती बदलावी.

भारतातील स्थिती : बालकांच्या अंगणात जाऊन त्यांना शिकविण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे ती प्रत्यक्षात आणली होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाड्यांचे जाळे देशभर पसरले व विकासातील विलंब प्रथम ध्यानात येण्याची ती स्वाभाविक जागा ठरली. विधींच्या बाबतीत मात्र स्वमग्नतेची दखल उशिरा घेतली गेली. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या अधिनियमात तिचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो झाला व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नता ही २१ अक्षमतांपैकी एक म्हणून मान्य केली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांची तपासणी करून त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र साहाय्य केंद्रांकडे पाठविण्याची तरतूद आहे. अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. मुंबईतील ‘उम्मीद’ (स्थापना २००१) यासारख्या स्वयंसेवी संस्था बालकांच्या साहाय्याबरोबरच कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे कामही करतात. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची, या बालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वर्षे प्रामुख्याने अंगणवाडी, खाजगी उपचारकेंद्रे व पालकांची ऐपत यांवर अवलंबून राहतात. ग्रामीण भागात वाचा व व्यवसायोपचार तज्ञांची उणीव विशेष जाणवते.

मर्यादा व आक्षेप : अल्पवयातील साहाय्याचा लाभ सर्व बालकांना सारखा होत नाही व कोणाला किती होईल, हे आधी सांगता येत नाही. मूलपेशींचे रोपण, शरीरातील धातू काढून टाकणारी औषधे, विशिष्ट आहाराने पूर्ण बरे करण्याची हमी यांसारख्या उपायांना शास्त्रीय आधार नाही. काही उपाय धोकादायकही आहेत. स्वमग्न प्रौढांनी गेल्या काही दशकांत आपल्या अनुभवांवरून महत्त्वाचे आक्षेप नोंदविले आहेत. नजरेला नजर देण्याची सक्ती करणे किंवा हात फडफडविण्यासारख्या निरुपद्रवी हालचाली दडपणे यांमुळे मूल शिकण्याऐवजी आपला त्रास लपविण्यास शिकते, असे त्यांचे म्हणणे आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले, की स्वमग्न व इतर व्यक्ती यांच्यातील गैरसमज उभयपक्षी असतो. स्वमग्न मुलाला इतरांचे मन जसे उमगत नाही, तसेच इतरांनाही त्याचे उमगत नाही. त्यामुळे मुलाला सर्वसाधारण मुलांसारखे भासविणे हे शालापूर्व शिक्षणाचे उद्दिष्ट आता मानले जात नाही. त्याला आपली गरज सांगता यावी, स्वतःची कामे शक्य तितकी स्वतः करता यावीत, आवडीच्या गोष्टीतून शिकता यावे व भोवतालच्या माणसांत भीतीशिवाय वावरता यावे, ही उद्दिष्टे आता महत्त्वाची ठरली आहेत. आणि त्यासाठी मोठ्यांनाही मुलाची रीत शिकावी लागते.